चमचाभर तुपात मुंबई-पुणे

वरणभातावर वाढतात तो तुपाचा एक चमचा घ्या. तोलून पाहिलात तर भरेल पंधरा ग्रॅम. आजच्या भावानं दहा रुपयांचं तूप. एवढ्यावर मुंबईहून पुण्याला जाता येईल? गाडी काढलीत तर दहा लिटर पेट्रोल, म्हणजे हजारावर रुपये. टोल वेगळा, आणि घाटात अडकलात तर वडापावचा खर्च वेगळा. पण अलास्कात एक हंस आहे, त्याला हा एक चमचा पुरतो. दीडशे किलोमीटरला पंधरा ग्रॅम चरबी. बरं, एकदा जाऊन तो दमून बसतो असंही नाही. एवढंच अंतर लागोपाठ तेहतीस वेळा कापतो. मध्ये कुठे उतरणं नाही, चरणं नाही.

मी हा हिशेब तीनदा तपासला. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं.

या हंसाचं नाव काळा ब्रँट. दिसायला तसा बेताचाच, पाळीव बदकाच्या शेजारी उभा केला तर मान वळवून बघावं असं काही नाही. शरद ऋतूत हे हंस अलास्काच्या टोकाला इझेम्बेक नावाच्या उथळ खाडीत गोळा होतात. थोडेथोडके नव्हेत, दीड लाखाच्या आसपास. म्हणजे ही जात जवळपास सगळीच्या सगळी एका खाडीत! पाण्याखाली समुद्री गवताची अफाट कुरणं आहेत. तिथे ते चरतात, चरतात आणि चरतात. मग नोव्हेंबरात अलास्काच्या आखातात वादळ घोंगावू लागतं आणि वारा उत्तरेकडून पाठीवर येतो. सगळे याच वाऱ्याची वाट बघत बसलेले असतात. थव्यामागून थवे उठतात आणि पाहता पाहता खाडी ओस पडते. हल्ली हिवाळे सौम्य झाल्यापासून तिसरा हिस्सा मंडळी तिथेच मुक्काम ठोकू लागली आहेत. तरी लाखभर निघतातच. विरारची गच्च भरलेली लोकल, दारात लोंबकळणारे धरून, पाच हजार माणसं नेते. तशा वीस लोकल आकाशात, आणि त्यासुद्धा जवळपास एकाच वेळी सुटलेल्या.

खाली पॅसिफिक महासागर. पुढचा थांबा मेक्सिकोतला बाहा कॅलिफोर्निया. अंतर पाच हजार किलोमीटर, वेळ साठ तासांच्या आसपास. भागाकार करा, ताशी त्र्याऐंशी येतात. मुंबईहून दिल्लीला जाणारी राजधानी थांबे धरून साधारण याच सरासरीनं जाते, पण ती सोळा तासांत पोचते आणि फलाटाला टेकते. हंस तिथे टेकत नाही. दिल्लीला पोचून तसाच मागे फिरला आणि मुंबईला आला, तरी अंतर संपत नाही. पुन्हा दिल्ली, पुन्हा मुंबईच्या दिशेनं अर्ध्याहून जास्त वाट, तेव्हा कुठे पाच हजार भरतात. पंख सेकंदाला चारच वेळा हलले असं धरा. साठ तासांत आठ लाख चौसष्ट हजार फडफडी. हे वाक्य वाचेपर्यंत त्यातल्या दहा-बारा झाल्यासुद्धा. उतरतो तेव्हा अंगाचा तिसरा हिस्सा, साधारण अर्धा किलो, वाटेत जळून गेलेला असतो. अर्ध्या किलोच्या तुपाच्या डब्यात पॅसिफिकवरचे पाच हजार किलोमीटर पार!

आणि हा ब्रँट म्हणजे या दुनियेतली छोटी आळी. दीड लाख हा आकडा तिथे फारसा कुणी मनावर घेत नाही. मोठ्या आळ्या पुढे आहेत.

पण आधी एक गंमत. या ब्रँटचे तिकडचे भाऊबंद हिवाळ्यात युरोपच्या किनाऱ्यावर हजारोंनी उतरायचे आणि वसंतात नाहीसे व्हायचे. त्यांचं घरटं कुणी पाहिलं नव्हतं, अंडं पाहिलं नव्हतं, पिल्लू पाहिलं नव्हतं. मग लोकांनी ठरवून टाकलं, की हे समुद्रातल्या ओंडक्यांना चिकटलेल्या शिंपल्यांतून जन्मतात, किंवा पाण्यावर झुकलेल्या झाडांना फळासारखे लागतात. आता जे झाडाला लागतं किंवा शिंपल्यातून निघतं ते मांस कसं म्हणायचं? झालं, उपासाला हंस चालू लागला! आपल्याकडे साबुदाणा उपासाला कसा चालतो, या वादाच्या तोडीचाच हा वाद. शेवटी १२१५ साली पोप तिसरे इनोसन्ट यांना फर्मान काढून ही पळवाट बंद करावी लागली. पण अंडं? अंडं सापडायला १५९६ साल उजाडलं. विलेम बॅरेन्ट्स या डच दर्यावर्दीचं जहाज उत्तरेच्या समुद्रात स्पिट्सबर्गनला लागलं, आणि खलाशांना तिथे ब्रँट हंस चक्क अंड्यांवर बसलेले दिसले. फर्मानापासून अंड्यापर्यंत ३८१ वर्षं. आणि नंतरही सगळं उलगडलं असं नाही. कॅनडातल्या निळ्या हिमहंसाचं घर कुठे, हे शोधायला ड्युई सोपर हा निसर्गतज्ज्ञ सहा वर्षं कुत्र्यांच्या गाड्या आणि होड्या घेऊन फिरत होता. १९२९ मध्ये बॅफिन बेटावर त्याला ते सापडलं. तिथल्या इन्युइट लोकांना अर्थातच ते आधीपासून ठाऊक होतं. शेवटची वाट त्यांच्याच सांगण्यावरून मिळाली.

हिमहंस म्हणजे स्नो गूज. पांढराशुभ्र, पंखांची टोकं तेवढी शाईत बुडवल्यासारखी काळी. याच्या मोठ्या जातीचा अभ्यास कॅनडाच्या अगदी उत्तरेला, बायलट बेटावर, क्युबेकच्या लावाल विद्यापीठाची मंडळी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून दर उन्हाळ्यात करत आली आहेत. बेट केवढं? अकरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपले तीन गोवे. माणसं? कायमचा रहिवासी एकही नाही. आता तिथल्या एका हंसिणीच्या उन्हाळ्याचा हिशेब मांडू या. सोबत कॅलेंडर ठेवा. इंग्रजी नको, आपलं नक्षत्रांचं आणा.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून ती निघते आणि चार हजार किलोमीटर उडून, म्हणजे सत्तावीस वेळा मुंबई-पुणे करून, मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी बेटावर उतरते. खाली बर्फ. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आपल्याकडे मृगाच्या पावसावर मूग पेरतात त्याच सुमाराला, ती अंडी घालायला बसते. चार अंडी, पाच-सहा दिवसांत. एकेक अंडं सव्वाशे ग्रॅमच्या घरात, कोंबडीच्या अंड्याच्या दुपटीहून मोठं. चार मिळून अर्धा किलो. आणि बाईचं स्वतःचं वजन तीन किलोच्या आतबाहेर. म्हणजे साठ किलोच्या बाईनं एका आठवड्यात दहा किलोंचं बाळंतपण उरकावं, तसं हे. मग तेवीस-चोवीस दिवस उबवणं. पाय मोकळे करायला आणि चार काड्या चरायला मिळतो तो वेळ दिवसाकाठी तास-दीड तास, बाकी बैठक. हिशेब होतो पाचशे तासांच्या पुढे. अंडी फुटली की पिल्लं दिवसभरात घरटं सोडतात आणि साधारण त्रेचाळीस दिवसांत उडतात. सगळं मिळून सत्तर-बहात्तर दिवस. मूग पेरून शेंगा तोडायला येतो तेवढ्यात त्या बाईनं अंडी घातली, उबवली, पिल्लं वाढवली आणि उडवलीसुद्धा! सप्टेंबर लागता लागता पुन्हा बर्फ. आठवडाभर उशीर झाला तर पिल्लू पंख धरायच्या आत तळी गोठायला लागतात.

त्या त्रेचाळीस दिवसांत पिल्लाचं काय होतं ते बघा. जन्मतं तेव्हा ऐंशी-नव्वद ग्रॅम, दोन बटाटेवडे हातात घ्यावेत एवढं. उडतं तेव्हा दोन किलोच्या जवळ. वीसपट! आपलं तीन किलोचं बाळ या वेगानं वाढलं असतं, तर सव्वा महिना होऊन बाळंतीण पहिल्यांदा देवळात जायला निघेल तेव्हा बाळ साठ किलोचं. त्याला कडेवर घेणार कोण? यासाठी ते पिल्लू एकच काम करतं: खातं. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, तेव्हा रात्र ही सबबच नाही. चोवीस तासांतला मोठा हिस्सा चोच गवतात.

आणि हे चालता चालता. घरट्यांच्या जागी चारा कमी आणि गर्दी फार. म्हणून अंड्यातून बाहेर पडून दिवस होतो न होतो, तोच कुटुंब पायी निघतं. पुढं-मागं आईबाप, मध्ये ओळीनं पोरं, तीस किलोमीटरवरच्या ओल्या गवताळ खोऱ्याकडे. माऊलींची पालखी आळंदीहून पुण्याला येते तो पहिला टप्पा साधारण एवढाच, आणि दिवसही साधारण वारीच्याच सुमाराचे. फरक इतकाच, की या वारकऱ्याचं वजन दोन बटाटेवड्यांइतकं आहे आणि वय दोन दिवस. ग्रीनलंडमधल्या बार्नॅकल नावाच्या हंसांची पिल्लं तर चालत नाहीत, उडी मारतात. घरटं कड्यावर, चारा खाली, पंख अजून आलेले नाहीत. शंभर मीटरहून उंच कड्यांवरून ती स्वतःला झोकून देतात. गेटवे ऑफ इंडिया सव्वीस मीटर उंच आहे. चार गेटवे एकावर एक ठेवा, त्यावर कापसाचा गोळा ठेवा आणि ढकला. बरीच पिल्लं खाली आपटून, उठून, चालायला लागतात. कशी, ते शास्त्रज्ञ सांगतात. मी नुसतं मान्य करतो.

आता पुन्हा बायलटवर. बऱ्या वर्षी तिथे वीस हजार जोड्या घरटी करतात. ऐंशी हजार अंडी. फोडून ओतली तर उन्हाळ्यात मराठवाड्यात फिरतो तो दहा हजार लिटरचा टँकर जवळपास काठोकाठ भरेल. एवढा माल उघड्यावर पडलेला असताना कोल्हा बघत बसेल होय? ध्रुवीय कोल्हे अंडी पळवतात आणि पुरून ठेवतात. कॅनडातल्याच करॅक सरोवराकाठच्या वसाहतीत अभ्यासकांनी अंदाज काढला तेव्हा एकेका कोल्ह्याच्या नावावर एका हंगामात हजाराच्या आसपास अंडी निघाली. दुकानात तीस अंड्यांचा ट्रे मिळतो ना, तसे तेहतीस ट्रे, दरडोई. बायलटवर याला एक मजेशीर उतारा आहे. दर तीन-चार वर्षांनी लेमिंग नावाच्या उंदरांचं पीक येतं. त्या वर्षी कोल्ह्यांचं पोट उंदरांनी भरतं आणि अंडी वाचतात. म्हणजे हंसाला यंदा किती नातवंडं, हे उंदरांवर ठरतं. शिवाय उंदीर माजले की हिमघुबड घरटं करतं, आणि ते कोल्ह्याला जवळ फिरकू देत नाही. शहाण्या हंसिणी घुबडाच्या आवारातच बिऱ्हाड थाटतात.

हे सगळं कळलं कसं? मोजून. आणि मोजायची तऱ्हा ऐकाल तर हसाल. पहिलं मोजतात ते शेण. हंसाचं आतडं म्हणजे गिरणीचा पट्टा, एका बाजूनं गवत जातं आणि तासा-दीड तासात दुसऱ्या बाजूनं बाहेर. चरता चरता दर चार-पाच मिनिटांना एक लेंडी. म्हणून जमिनीचा चौकोन आखायचा, लेंड्या मोजायच्या, की किती हंस किती वेळ चरले ते समजतं. तासाला बारा आणि चरण्याचे दहा तास धरले तर दिवसाला एकशे वीस. दहा लाख हंस असतील तर दिवसाला बारा कोटी. वाळलेली लेंडी ग्रॅमभर धरा. रोज एकशे वीस टन, बारा ट्रक भरून खत, फुकट, घरपोच!

दुसरी तऱ्हा अधिक हळुवार आहे. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या, अजून ओल्या पिल्लाच्या बोटांमधल्या पडद्यात नखाएवढी धातूची चिमटी अडकवतात. तिच्यावर आकडा. मग ते निघून जातं. पाच आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, आईबापांच्या पंखांतली पिसं एकदमच गळून पडलेली असतात. तीन-चार आठवडे मोठ्यांनाही उडता येत नाही, पोरांना अजून येत नाही. सगळं कुटुंब पायउतार. हाच तो मोका. धनगर मेंढरं वाडग्यात घालतो तशी चार-सहा माणसं लांबून पसरून चालत येतात, घाई न करता हाकतात, आणि जाळ्याच्या वाडग्यात एकाच वेळी शेकडो हंस. एकेकाला उचलायचं, तोलायचं, पाय फाकवून ती चिमटी शोधायची. सापडली की हेच ते जुलैतलं पोर! मग पायात आकडा कोरलेला वाळा, मोठ्या हंसिणींच्या गळ्यात दुरून वाचता येईल असा पट्टा, आणि सगळ्यांना एकदमच सोडायचं, म्हणजे गोंधळात कुणाची पोरं हरवत नाहीत. उत्तर अमेरिकेत सगळ्या जातींचे पक्षी मिळून १९६० पासून सहा कोटींहून जास्त वाळे घातले गेले आहेत. सहा कोटी! बारशाला वाळे करणारे आपल्याकडचे सगळे सोनार बसवले तरी पुरे पडले नसते.

आणि या वाळ्यांनी काय काय बाहेर काढलं! हडसन उपसागराच्या काठी ला पेरूज बे इथे फ्रेड कुक यांनी १९६८ मध्ये लहान जातीच्या हिमहंसांना वाळे घालायला सुरुवात केली. तिथे पांढरे हंस आणि निळे हंस एकत्र नांदतात. फार काळ लोक त्यांना दोन वेगळ्या जाती समजत. निघाली एकच जात, आणि रंगाचा फरक मुख्यतः एका जनुकाचा. पण पोरं लग्न जमवताना काय करतात? आईबापांच्या रंगाचं स्थळ बघतात! आणखी ऐका. जोड्या जमतात हिवाळ्यात, दक्षिणेला, जिथे साऱ्या वसाहतींची मंडळी एकत्र असतात. वसंतात घरी जायची वेळ आली की कुणाच्या घरी? बायकोच्या. हंसीण आपल्या माहेरच्या दलदलीत परतते आणि नवरा मुकाट मागे उडतो. हजारो किलोमीटर. लाखोंच्या संख्येनं घरजावई.

वाळ्यांवरून एकूण हंस मोजायचं गणित १९३० मध्ये फ्रेडरिक लिंकन यांनी मांडलं. तेही घरातल्या मुगावर करून बघता येतं. पोत्यातले शंभर मूग हळदीत रंगवा, पोत्यात मिसळा, मग हजार दाणे काढा. त्यात दोन पिवळे निघाले तर पोत्यात पन्नास हजार दाणे. पिवळे दाणे म्हणजे वाळेवाले हंस. आणि दाणे काढणारा हात कुणाचा? बहुतांशी शिकाऱ्यांचा. ज्यानं हंस मारला, त्यानंच पायातला आकडा वाचून कळवायचा. १९९९ मध्ये टेक्सासात असा एक हिमहंस मारला गेला, त्याचं वय निघालं साडेसत्तावीस वर्षं. वर्षाला जाऊन-येऊन सात हजार किलोमीटर धरले, तरी त्या म्हाताऱ्याच्या पंखांखालून एक लाख नव्वद हजारांहून जास्त किलोमीटर गेले होते. पृथ्वीला चार प्रदक्षिणा पूर्ण आणि पाचवी संपत आलेली.

आता श्वास घ्या. मोठे आकडे पुढे आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या जातीचे हिमहंस उरले होते जेमतेम तीन हजार. एक बरंसं खेडं. १९३१ मध्ये अमेरिकेनं त्यांच्या शिकारीवर बंदी घातली, ती पुढे चव्वेचाळीस वर्षं टिकली. वाटेवरच्या शेतांत मका वाढला, कापणीनंतर सांडलेला दाणा आयता मिळू लागला. आणि शंभर वर्षांनी? दहा लाखांच्या आसपास! तीन हजार वस्तीचं खेडं एका शतकात सोलापूर होऊन बसलं. गंमत म्हणजे हे तंतोतंत बँकेचं गणित आहे. पणजोबांनी तीन हजार रुपये सहा टक्के चक्रवाढीनं ठेवले असते, तर शंभर वर्षांनी पणतवाच्या हाती दहा लाख सतरा हजार आले असते. हंसांनी मुदतठेव मोडली नाही, एवढंच.

हे दहा लाख हंस वर्षाला प्रत्येकी आठ हजार किलोमीटर उडतात. गुणाकार करा. आठशे कोटी किलोमीटर! सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे, तो तर पहिल्याच आठवड्यात मागे पडला म्हणा. शनी मागे. नेपच्यून मागे. प्लूटो सरासरी पाचशे नव्वद कोटींवर, तोही मागे, आणि अजून दोनशे दहा कोटी शिल्लक. हे एका वर्षाचं, एका जातीचं, तेही त्यातल्या धाकट्या आळीचं.

कारण थोरली आळी आहे लहान जातीच्या हिमहंसांची. नाव लहान, खानदान थोर. टेक्सास-लुइझियानाच्या भातखाचरांत हिवाळा काढणारे आणि हडसन उपसागर, बॅफिन बेटाकडे उन्हाळा काढणारे. एकट्या बॅफिनच्या सखल मैदानावर एका वसाहतीत सगळे हंस मिळून वीस लाखांपर्यंत. आणि एकूण? ऐन भरात, या शतकाच्या पहिल्या दशकात, वाळ्यांचा हिशेब दीड कोटीच्या पुढे गेला. २०११च्या जनगणनेत मुंबईत एक कोटी चोवीस लाख माणसं होती. म्हणजे अख्खी मुंबई, वर सव्वीस लाख पाहुणे, आणि सगळ्यांना पंख! एकेकाचं वजन सव्वादोन किलो धरा. चौतीस हजार टनांच्या आसपास. कोळशाची एक मालगाडी अठ्ठावन्न वाघिणींची, पावणेचार हजार टनांच्या आसपास. अशा नऊ मालगाड्या, एकामागे एक, पाचशे बावीस वाघिणी, इंजिनाशिवाय, रुळांशिवाय, वसंतात उत्तरेला आणि शरदात दक्षिणेला. आणि सगळ्या भुकेल्या.

त्या भुकेनंच घोळ केला. वसंतात बर्फ वितळताना हिमहंस पात्यांवर थांबत नाही, चोचीनं चिखल उकरून मुळं उपसतो. मूळ गेलं की माती उघडी पडते, ऊन लागून खालचं मीठ वर येतं, आणि तिथे पुन्हा काही उगवत नाही. हडसन आणि जेम्स उपसागरांच्या दोन हजार किलोमीटर किनाऱ्यावर पस्तीस हजार हेक्टर खारगवत असं गेलं. अर्ध्याहून जास्त मुंबई! उपग्रहाच्या चित्रांत तो डाग दिसतो. ला पेरूज बे इथे अभ्यासकांनी कुरणाच्या छोट्या चौकोनांना कुंपणं घातली. कुंपणाच्या आत हिरवं गवत, बाहेर तडकलेला चिखल. एवढं एक दृश्य पुरे, आकड्यांचीही गरज नाही.

मग अमेरिकेनं १९९९ मध्ये कायदा करून वसंतातली शिकार मोकळी केली. मर्यादा नाही, हंसांचे आवाज वाजवून बोलवायलाही मुभा. वर्षाला दहा लाखांहून जास्त हंस पडू लागले. रात्रंदिवस धरलं तर दर अर्ध्या मिनिटाला एक. आणि तरीही संख्या काही वर्षं वाढतच राहिली! बंदुका हरल्या. पुढे आकडा उतरू लागला तो मुख्यतः पिल्लं कमी झाल्यानं. आर्क्टिकचा वसंत आता लवकर येतो, गवत लवकर पिकतं, आणि पिल्लं अंड्यातून बाहेर पडेपर्यंत त्यातला कस गेलेला असतो. मृग पंधरा दिवस आधी बरसून जावा आणि पेरणी ठरल्या तारखेलाच व्हावी, तसं.

एका झटक्यात किती जातं, तेही सांगून टाकतो. स्वालबार्ड बेटांवरचे बार्नॅकल हंस हिवाळ्यात स्कॉटलंडच्या सोलवे खाडीवर येतात. १९४८ मध्ये ते तीनशे होते, जपून जपून चाळीस हजारांवर गेले. २०२१-२२च्या एका हिवाळ्यात बर्ड फ्लू आला आणि तेरा हजार गेले. तीन हजार किलोमीटर उडून आलेले, तिसरा हिस्सा, एका हंगामात.

या गोष्टीतला एकही हंस भिगवणला येत नाही. तिथे उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरतो तो पट्टकदंब, मंगोलिया आणि तिबेटकडचा, आर्क्टिकचा नव्हे. पण तोही काही कमी नाही. हिमालय ओलांडताना त्याची उंची ७,२९० मीटर नोंदली गेली आहे. चार कळसूबाई एकावर एक रचल्या तरी तो वरूनच जाईल. मंगोलियात गळपट्टे घातलेले पट्टकदंब भारतात याआधी दिसले आहेत. तेव्हा यंदा थंडीत भिगवणला, जायकवाडीला किंवा तुमच्या गावच्या तलावावर गेलात, तर दुर्बीण आधी मानेवर आणि मग पायांवर लावा. पट्टा दिसला तर रंग आणि अक्षरं नीट वाचा, होडी जवळ नेऊ नका. तारीख आणि जागा लिहा, फोटो असेल तर जोडा, आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. पोत्यातला एक पिवळा दाणा तुमच्या हाताला लागलेला असेल.